काळ्या पाण्यातील इवले मासे आणि नाशिकचे पाणी

काचेच्या पेटीत शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. नाशिक शहरातील घरांत, दवाखान्यांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत, तसेच तालुक्याच्या गावीही अशा पेट्या आढळतात. गप्पी, मोली, गोल्डफिश अशा काटक माशांवर हात बसला की हौशी मत्स्यपालकाचे लक्ष नाजूक जातींकडे वळते. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा बोरारास, चॉकलेट गुरामी, बुटके सिक्लिड ही त्यांपैकी काही नावे होत. हे मासे किमतीने अधिक असतात आणि पुष्कळदा घरी आणल्यापासून पंधरवड्याच्या आत एकामागून एक दगावतात. मासा रोगट होता, अन्न मानवले नाही, असा निष्कर्ष अशा वेळी काढला जातो. बहुतेक प्रसंगी खरे कारण निराळेच असते. माशाची निगा राखली जाते, परंतु तो ज्या पाण्यात उत्क्रांत झाला ते पाणी त्याला मिळत नाही.

द्राक्षाची बाग लावण्यापूर्वी माती व पाणी यांचे परीक्षण करून घेणे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला नवे नाही. जमीन पाहून पीक घ्यावे, हे तो जाणतो. मत्स्यपालनातही पाणी पाहूनच मासा निवडावा लागतो. नाजूक माशांच्या बाबतीत या नियमाला अपवाद नाही.

काळे पाणी म्हणजे काय?

मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ म्हटले की अंदमान आठवते. मत्स्यशास्त्रात मात्र या शब्दाने एका विशिष्ट प्रकारच्या जलाशयाचा बोध होतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो, तसेच मलेशिया, सुमात्रा व बोर्निओ येथील दलदलीची अरण्ये ही अशा पाण्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. तेथील जमिनीत चुना व इतर खनिजे अत्यल्प असतात. वर्षानुवर्षे पडणारी पाने, फांद्या व साली पाण्यात कुजत राहतात आणि त्यांतून टॅनिन व ह्यूमिक आम्ले पाण्यात उतरतात. त्यामुळे पाण्याला बिनदुधाच्या चहासारखा रंग येतो. हे पाणी गढूळ नसते. ते पारदर्शक, पण तपकिरी असते.

त्याची तीन लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, ते आम्लधर्मी असते. सामू साधारणपणे ४ ते ६ यांच्या दरम्यान, तर काही दलदलींत ३ च्या आसपास असतो. दुसरे, त्यात विरघळलेले क्षार इतके थोडे असतात की ते पावसाच्या पाण्याच्या जवळ जाते. तिसरे, आम्लतेमुळे त्यात जिवाणूंची वाढ मर्यादित राहते.

अशा पाण्यात लहान आकाराच्या माशांच्या अनेक जाती विकसित झाल्या. निऑन टेट्राची शास्त्रीय नोंद १९३६ मध्ये, तर कार्डिनल टेट्राची १९५६ मध्ये झाली. सुमात्राच्या दलदलीतील ‘पीडोसिप्रिस प्रोजेनेटिका’ या माशाचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची प्रौढ मादी अवघी ७.९ मिलिमीटर लांबीची आढळली. तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्याला स्वतंत्र कणा, डोळे व कल्ले असावेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

माशाच्या शरीरात काय घडते?

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षार अधिक व भोवतालच्या पाण्यात कमी असतात. परिणामी पाणी सतत शरीरात शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. कल्ले पाण्यातून क्षार शोषून घेतात, तर मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात. या दोन कामांचा समतोल म्हणजे माशाचे आरोग्य. काळ्या पाण्यातील माशांचे कल्ले जवळजवळ क्षारहीन पाण्यातूनही सोडियम पकडून ठेवण्यास सरावलेले असतात. ह्यूमिक द्रव्ये या कामी त्यांना साहाय्य करतात, असे संशोधनात दिसून आले आहे.

असा मासा क्षारयुक्त पाण्यात सोडला तर तो तत्काळ मरतोच असे नाही. पेढीत वाढविलेला निऑन टेट्रा मध्यम पाण्यात काही वर्षे जगू शकतो. मात्र त्याचा रंग फिका पडतो, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि जड पाण्यात त्याची अंडी बहुधा फलित होत नाहीत किंवा फुटत नाहीत. थेट अरण्यातून पकडून आणलेल्या जातींना एवढीही सवलत नसते.

सामू मोजण्याची पट्टी गुणोत्तरी असते, हेही लक्षात घ्यावयास हवे. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली. ८ सामूच्या पाण्यातून ६ सामूच्या पाण्यात मासा सोडणे म्हणजे त्याला शंभरपट फरकास सामोरे जावयास लावणे होय.

नाशिकचे पाणी

नाशिक जिल्हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या काळ्या खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचे अंश बरोबर घेते. म्हणून विहिरी व कूपनलिका यांचे पाणी सामान्यतः जड व किंचित अल्कधर्मी असते. त्या मानाने गंगापूर धरणासारख्या, पावसाळी प्रवाहांनी भरणाऱ्या जलाशयांचे पाणी हलके असते. तथापि नळाने येणाऱ्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन मिसळलेला असतो आणि ऋतुमानाप्रमाणे त्याच्या गुणधर्मांत फरक पडतो. एकाच शहरात धरणाचे पाणी वापरणारे घर आणि कूपनलिकेवर अवलंबून असलेली वसाहत यांची स्थिती भिन्न असते. याकरिता शेजाऱ्याचा अनुभव प्रमाण न मानता आपल्या घरातील पाण्याचा सामू, जडपणा व एकूण विद्राव्य क्षार मोजून घेणे इष्ट ठरते. साधे मापक व कागदी पट्ट्या बाजारात मिळतात.

पाणी हलके करण्याचे दोन मार्ग सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत. एक पावसाचे पाणी. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या घाटमाथ्यावरील तालुक्यांत पाऊस विपुल पडतो. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर स्वच्छ छपरावरील पाणी प्लॅस्टिकच्या झाकणबंद पिंपात साठविता येते. गंजलेल्या पत्र्यावरील किंवा सिमेंटच्या टाकीतील पाणी यासाठी घेऊ नये, कारण धातू व चुना त्यात उतरतो. दुसरा मार्ग म्हणजे घरगुती आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी.

यांपैकी कोणतेही पाणी नळाच्या पाण्यात ठराविक प्रमाणात मिसळावे. समजा, नळाच्या पाण्यात दर लिटरला ३०० मिलिग्रॅम व गाळलेल्या पाण्यात २० मिलिग्रॅम क्षार आहेत. एक भाग नळाचे व तीन भाग गाळलेले पाणी एकत्र केल्यास ३०० अधिक ६०, म्हणजे ३६० भागिले ४, असे हिशेबाने दर लिटरला ९० मिलिग्रॅम क्षार उरतात. निऑन व कार्डिनल यांच्यासाठी एवढे पाणी हलके पुरेसे आहे. पाणी संपूर्ण क्षारहीन ठेवणे नवशिक्याने टाळावे. सामू सावरून धरणारे बायकार्बोनेट त्यात नसल्याने तो एकाएकी घसरण्याचा संभव असतो.

रंग आणि गुण

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक शाळेच्या आवारात देशी बदामाचे झाड असते. त्याची पाने लाल होऊन गळतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. हीच वाळलेली पाने जगभरातील मत्स्यपालक काळे पाणी करण्यासाठी वापरतात. हिरडा, बेहडा, अर्जुन व ऐन हे वृक्ष त्याच कुळातील असून हिरड्यातील टॅनिनचा उपयोग कातडे कमावण्यासाठी पूर्वापार होत आला आहे. झाडावरून आपोआप गळालेली, पूर्ण तपकिरी व फवारणी न झालेली पाने धुऊन साधारण ३० ते ४० लिटर पाण्यास एक या प्रमाणात टाकावीत. ती तीन-चार आठवड्यांत विरतात. मग नवी घालावीत. हिरवी पाने घालू नयेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पाण्याला तपकिरी रंग आला म्हणजे ते काळे पाणी झाले, असे नव्हे. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर पानांतील आम्ले त्याच्याशी संयोग पावून निष्प्रभ होतात. रंग दिसतो, पण सामू व जडपणा होता तेथेच राहतो. आधी पाणी हलके करावे, पाने त्यानंतर घालावीत, हाच योग्य क्रम होय. लिंबूरस, व्हिनेगर किंवा चिंचेचे पाणी टाकून सामू उतरविण्याचा प्रयत्नही हानिकारक ठरतो. असा सामू काही तासांत पुन्हा चढतो आणि ही चढउतारच माशाला बाधते.

पेटीची मांडणी

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी आरंभास योग्य असते. २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरल्यास तिच्यात ४५ लिटर पाणी मावते. मासे लहान म्हणून पेटीही लहान, हा विचार चुकीचा आहे. पाणी जितके थोडे तितका त्यातील बदल वेगवान. पाणी, काच व वाळू मिळून भार ५० किलोग्रॅमहून अधिक होतो, म्हणून बैठक भक्कम व समतल असावी.

तळाला धुतलेली बारीक वाळू घालावी. बेसॉल्टचे दगड चालतात. संगमरवर, शिंपले व चुनखडीचे कंकर मात्र पाण्यात चुना सोडतात. दगडावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून बुडबुडे आल्यास तो बाजूला ठेवावा. उकळून घेतलेले जुने लाकूड व पाण्यातील वनस्पती यांमुळे माशांना आडोसा मिळतो. प्रकाश मंद असावा. घनदाट अरण्याच्या सावलीत राहणारे हे मासे प्रखर उजेडात भेदरलेले राहतात. पाणी गाळण्यासाठी हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी उत्तम. तिच्यात इवले मासे ओढले जात नाहीत. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेत श्वास घेतात व उडीही मारतात. त्यामुळे झाकण आवश्यक असते.

न दिसणारे कामकरी

नवी पेटी भरली त्याच दिवशी मासे सोडणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. पहिले दोन पदार्थ विषारी असून तिसरा थोड्या प्रमाणात सोसतो. हे जिवाणू स्पंजावर व वाळूवर स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्लधर्मी पाण्यात त्यांची वाढ आणखी मंद होते. चालू पेटीतील स्पंजाचा तुकडा नव्या पेटीत ठेवल्यास हा काळ कमी होतो.

आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात राहतो. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ६ असेल तर विषारी अमोनियाचे प्रमाण हजारात एक भागही नसते. सामू ८ झाला की ते सुमारे पाच टक्क्यांवर जाते. अनेक दिवस पाणी न बदललेल्या पेटीत एकदम अर्धे पाणी कूपनलिकेचे ओतले की सामू चढतो आणि तोवर निरुपद्रवी असलेले अमोनियम विषात बदलते. ‘पाणी स्वच्छ केले आणि मासे मेले’ या नेहमीच्या तक्रारीचे रहस्य हेच आहे. यावर उपाय सोपा आहे. दर आठवड्यास दहा टक्के पाणी काढावे आणि त्याच सामूचे, त्याच क्षारांचे व त्याच तापमानाचे तयार पाणी हळूहळू घालावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा. स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

नवे मासे आणल्यावर पिशवी पेटीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे आणि बारीक नळीने पेटीतील पाणी थेंबथेंब पिशवीतील पाण्यात मिसळत तासाभराने त्यांना आत घ्यावे. शक्य असल्यास तीन आठवडे ते वेगळ्या पेटीत ठेवावेत. या जाती थव्याने राहतात. अनेक जातींचे एकेक मासे घेण्याऐवजी एकाच जातीचे आठ-दहा मासे घेणे हितावह असते.

हवामान, वीज व अन्न

काळ्या पाण्यातील माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो, तर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्व भागात तो ४० च्या घरात जातो. पेटी खिडकीपासून व पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावी. हिवाळ्यात ४५ लिटरसाठी ५० वॅटचा स्वयंनियंत्रित हीटर व तापमापी यांची जोड असावी. वीज गेल्यास बॅटरीवरील लहान पंप वापरावा. तो नसेल तर पेटीतीलच पाणी तांब्याने काढून थोड्या उंचीवरून परत सोडावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. त्या काळात अन्न देऊ नये.

या माशांचे तोंड लहान असते. बाजारातील खाद्य चिमटीत चुरून दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. अरण्यातून आलेल्या जाती कोरडे खाद्य बहुधा नाकारतात. त्यांना आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले किंवा डाफ्निया लागतात. डासांच्या अळ्या चालत असल्या तरी त्यांची पैदास घरात करू नये. आरोग्याच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे.

दारणेचा मासा

नाजूक, लहान आणि एका विशिष्ट पाण्याशी बांधलेले मासे केवळ ॲमेझॉनमध्ये नाहीत. सुंदरलाल होरा व के. एस. मिश्रा यांनी १९३८ मध्ये नाशिकजवळील देवळाली येथील माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दारणा नदीतील एका लहान माशाचे प्रथमच वर्णन करण्यात आले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभिरक्षक एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून त्याला ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी’ असे नाव मिळाले. इंग्रजीत तो ‘देवळाली मिनो’ म्हणून ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या लाल सूचीत त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींमध्ये आहे.

त्याची गरज काळ्या पाण्यातील माशांच्या अगदी उलट आहे. त्याला हवे आहे खडकांवरून वाहणारे, प्राणवायूने युक्त असे पाणी. त्याची जागा घरातील पेटीत नसून नदीत आहे. ओढ्यांतून असे मासे पकडून आणण्याचा मोह हौशी व्यक्तींनी आणि विद्यार्थ्यांनीही टाळला पाहिजे.

दुसरा धोका याहून मोठा आहे. कंटाळा आला, बदली झाली किंवा मासा फार वाढला की तो गोदावरीत वा गावतळ्यात सोडून देण्याची प्रथा आढळते. त्यामागे भूतदया असते, परंतु परिणाम घातक होतो. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया आज देशभरच्या जलाशयांत पसरला आहे. पेट्यांतून सोडलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासाही अनेक नद्या-तलावांत रुजला आहे. दारणा गोदावरीस मिळते आणि ते पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला पोहोचते. रामसर यादीत समाविष्ट झालेली ही राज्यातील पहिली पाणथळ जागा होय. नाशिकमधील एका पेटीतून सोडलेल्या माशाचा मार्ग तेथपर्यंत मोकळा आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत करावेत किंवा दुसऱ्या पालकाला द्यावेत. पेटीतील पाणी ओढ्यात न ओतता झाडांना घालावे.

शाळा व ग्रामपंचायती यांच्यासाठी

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मासे वाढविण्याच्या घटकाचा अंतर्भाव करण्यात आला. घटक खर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के साहाय्याची तरतूद त्यात होती. असा व्यवसाय सुचविताना ग्रामपंचायत सदस्यांनी प्रथम गावच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. सिन्नर, येवला, चांदवड या भागांत विहिरीचे पाणी जड असेल तेथे गप्पी व मोली हे मासे सुखाने वाढतात. त्याच पाण्यात टेट्राची पैदास करण्यासाठी भांडवल गुंतविणे म्हणजे नुकसानीस निमंत्रण होय.

शाळेत मात्र काळ्या पाण्याची एक पेटी अनेक धड्यांचे काम करू शकते. दोन बरण्या घ्याव्यात. एकीत कूपनलिकेचे व दुसरीत पावसाचे पाणी भरून दोन्हींत बदामाचे एकेक पान टाकावे आणि पंधरा दिवस रोज सामू नोंदवावा. दोन्हींचा रंग सारखा दिसेल, परंतु पट्टीवरील अंक निराळे येतील. मासा एकही न आणता विद्यार्थ्यांना आम्ल, क्षार व खडक यांचा संबंध त्यातून उमगेल. त्यानंतर शिक्षकांनी त्यांना दारणेच्या काठी न्यावे, तेथील पाण्याचा सामू मोजून वहीत लिहावयास सांगावे आणि पुढील वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात ती नोंद पुन्हा घ्यावी.